गोपाळचं नाव गाऱ्हाण्यात

गोव्यातल्या मोप्याच्या सड्यावर, त्या कातळी माळावर वाढलेल्या गोपाळला जत्रेच्या नाटकात कायम भालदाराचं काम. बोलायचं काही नाही. राजा सिंहासनावर असेतो भाला धरून उभं राहायचं. पण काय उभा राहायचा तो! गॅसबत्तीवरचे किडे डोळ्यांत शिरत, विंगेतून मित्र खडे मारत, तरी पापणी लवायची नाही. राजाला नाही एवढी टाळी या मुक्या भालदाराला पडायची.

पुढे तो बेळगावला जाऊन पलटणीत भरती झाला. तेव्हापासून दर जत्रेला यशवंत गावकर गाऱ्हाण्यात त्याचं नाव घेऊ लागला. राखणदार देवापुढे गावाचं मागणं मांडण्याचा मान यशवंताच्या घराण्याचा. नारळ हातात धरून तो गर्जायचा, "आमच्या चंद्रावतीचो झील गोपाळ परमुलखात आसा, तेच्या पाठीशी रव रे म्हाराजा!" आणि सारा गाव हुंकार द्यायचा, "व्हय म्हाराजा!" त्या हुंकारावर त्याची विधवा आई चंद्रावती वर्ष काढायची.

गोवा राज्य झालं, त्याच वर्षी गोपाळची पलटण शांतिसेनेबरोबर लंकेत गेली. गावात तेव्हा कोकणी की मराठी यावरून सख्खे भाऊ एका पंगतीला बसत नव्हते. लंकेची कोणाला शुद्ध? एके दुपारी सावंतवाडीकडचा एक जवान अस्थींचा कलश घेऊन आला.

"आई, आम्ही तिघे जखमी होऊन ओढ्यापलीकडे पडलो होतो. गोपाळने दोघांना पाठीवरून आणलं. त्यातला एक मी. मग तो तिसऱ्यासाठी परत गेला."

"आणि तिसरो?"

"तोही आला नाही, आई." जवानाने कलश तिच्यापुढे ठेवला.

"जेवन जा, बाबा," एवढंच चंद्रावती म्हणाली.

दहन तिकडेच झालं, देह गावात आला नाही, म्हणून मिरवणूक नाही, बंदुकांची सलामी नाही. चार दिवस लोक हळहळले आणि पुन्हा भाषेवर भांडू लागले.

वर्ष उलटलं. जत्रेच्या आदल्या दिवशी चंद्रावती यशवंताच्या ओसरीवर आली. त्याचा चुलतभाऊ जयराम तिथेच सुपारी कातरत होता.

"यशवंतदादा, उद्या गोपाळचा नाव घेशीत मा?"

जयरामाचा अडकित्ता थांबला. "गो वयनी, राखण मागतत ती जित्या माणसांची! मेलेल्याचा नाव थंय घेतला तर गावाक बाधतला."

"जित्याक हातपाय आसत, जयरामा. माझो झील थंय परक्या मातयेत एकटो पडलो. राखण तेका नको तर कोणाक?"

जयरामाने अडकित्ता खाली ठेवला. यशवंताला त्या रात्री डोळा लागला नाही. गाऱ्हाण्यात शब्द चुकला तर गावावर अरिष्ट येतं, हे त्याने बापाकडून ऐकलेलं. पण नाव गाळलं तर ती बाई उद्या कोणत्या तोंडाने घरी जाईल?

दुसऱ्या दिवशी देवळापुढे माणूस मावत नव्हतं. यशवंताने नारळ उचलला. पावसापाण्याचं मागून झालं, गुराढोरांचं झालं. मग दरवर्षीसारखाच तो गर्जला, "आमच्या चंद्रावतीचो झील गोपाळ परमुलखात आसा, तेच्या पाठीशी रव रे म्हाराजा!"

हुंकार आला नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. गावाचा हुंकार मिळाल्याशिवाय नारळ फोडता येत नाही. यशवंत हात वर धरून तसाच उभा राहिला. दंड भरून आला, तरी हात खाली येईना.

"व्हय म्हाराजा!"

आवाज जयरामाचा होता, रडका. त्याच्या पाठोपाठ भाषेवरून ज्यांची वर्षभर तोंडं फिरलेली, ते सगळे एका गळ्याने ओरडले. देवळाची कौलं हादरली.

नारळ फुटला. प्रसादाचा तुकडा द्यायला यशवंत बायकांच्या घोळक्याकडे गेला. चंद्रावती खांबाला टेकली होती, पदर भिजला होता.

"दादा, पुढल्या वर्षी नाव घेव नको," ती हळूच म्हणाली. "अख्ख्या गावान तेका हाक मारली. आता तो एकटो नाय."

यशवंताने तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.