जुन्या ड्राइव्हचा दिवा

विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कलकत्त्यातल्या आमच्या संगणक केंद्रात, नव्या डिस्क ड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याचे काम सुरू झाले. दुपारी ते पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले. सत्तरच्या दशकाचा मध्य होता. पुण्याहून बदली होऊन मला वर्षही झाले नव्हते.

तोपर्यंत सिस्टीम रोज सकाळी टेपवरून चढवावी लागे. जुना ड्राइव्ह एकच होता, छोट्या कपाटाएवढा, आणि तो फक्त माहिती साठवायला वापरत. त्यात थाळ्यांची एक चळत बसे. तिला पॅक म्हणत. त्या दिवशी आत असलेला पॅक एका संशोधक बाईंचा होता; सगळे त्यांना दीदी म्हणत. त्या विद्यापीठातून येत. दामोदर नदीला आदल्या वर्षी पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये आलेल्या पुरावर त्यांचा प्रबंध होता आणि दुर्गापूजेच्या सुट्टीआधी तो सादर करायचा होता. महिन्यामागून महिना अशा क्रमाने भरलेल्या सगळ्या नोंदी त्या पॅकवर होत्या.

सिस्टीम बसवायला कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून आला होता. तो मराठी होता.

“जुना शून्य नंबर, नवा एक. बरोबर ना?” त्याने मला विचारले.

“हो. नवा बसवला तेव्हापासून तसंच आहे.”

त्याने मशीनला जोडलेल्या टाइपरायटरवर एक हा आकडा दिला. मशीनने उलट टाइप केले की या डिस्कवर आधीच काही लिहिलेले आहे, पुसायचे का?

“कोऱ्या डिस्कवर काय लिहिलेलं असणार?” मी म्हटले.

“कारखान्यात चाचणी घेतात, त्याचं असेल.” त्याने होकार दिला.

टेप फिरू लागली. ऑपरेटर वयाने मोठे होते. सगळे त्यांना दादा म्हणत. ते म्हणाले, “जुन्याचा दिवा लुकलुकतोय.”

“लुकलुकू दे, दादा. काल प्रसाद मिळाला नाही म्हणून रुसला असेल,” इंजिनिअर हिंदीत म्हणाला.

दुपारी टेप काढून ठेवली आणि मशीन डिस्कवरून सुरू झाले. तोंड गोड करायला संदेश ही बंगाली मिठाई वाटली गेली. तेवढ्यात दीदी बागबाजारहून आल्या आणि त्यांनी आपला पॅक मागितला. पॅक काढण्यासाठी दादांनी जुना ड्राइव्ह बंद केला. मशीन थांबले.

“काय केलंत?” इंजिनिअरने विचारले.

“जुनाच बंद केला.”

“मग हे का थांबलं?”

दादांनी ड्राइव्ह पुन्हा चालू केला. इंजिनिअरने सिस्टीम पुन्हा सुरू केली, ती चालली. या खेपेला त्याने स्वतः नवा ड्राइव्ह बंद केला. मशीनवर काहीही परिणाम झाला नाही.

“म्हणजे नव्यावर काहीच नाही?” मी विचारले.

“असं होऊच शकत नाही.” हे तो दोनदा म्हणाला.

“माझा पॅक देता का?” दीदी म्हणाल्या.

ड्राइव्हच्या पुढच्या बाजूला क्रमांकाचा एक छोटा प्लग असे. मशीन ड्राइव्हला त्या आकड्यावरूनच ओळखत असे. इंजिनिअर वाकून पाहू लागला. दोन्ही प्लगांवर शेंदराचा जाड थर होता. त्याने रुमालाने तो पुसला. जुन्या ड्राइव्हवर एक होता, नव्यावर शून्य.

आदल्या दिवशी पूजेसाठी मशीन बंद होते. पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर मूर्तीपुढे ताटात मांडले होते. मशीनचा काहीतरी भाग हवा म्हणून कोणीतरी दोन्ही प्लगही काढून ताटात ठेवले होते.

“परत कोणी लावले?” दीदींनी विचारले.

दादा म्हणाले, “सगळेच होतो. अर्धे लोक गच्चीवर पूजेच्या दिवशीचे पतंग उडवत होते, ते सोडून.”

कोणी लावले ते शेवटपर्यंत कळले नाही.

ज्यांवर भोके पाडून नोंदी लिहिल्या होत्या ती दीदींची कार्डे, नोंदी पॅकवर चढवून झाल्यावर रद्दीत गेली होती. उन्हाळ्यात केव्हातरी पॅकची नक्कल टेपवर काढल्याचे दादांना आठवत होते. ती टेप कपाटात सापडली. संध्याकाळी ती लावली. छापील कागद बाहेर येत गेला तशा दीदी उभ्यानेच महिने वाचत गेल्या. आदल्या वर्षीच्या जूनअखेरीस नोंदी संपल्या. त्यापुढे टेप कोरी होती.

दीदींनी ती पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदाही शेवटची नोंद जूनची होती.