खडकी ते हडपसर, न थांबता

शेजारच्या शिंद्यांनी मागून सीट धरली, मी पॅडलच्या पट्ट्यांत पाय आवळले आणि त्यांनी सोडताच खडकी मागे पडू लागली.

पंचवीस वर्षं मी ट्रॅकवर (बशीसारख्या चढत्या कडांच्या गोल धावपट्टीवर) सायकलच्या शर्यती केल्या. त्याच जोरावर नोकरी मिळाली, पदकं मिळाली. अंतर मोजलं तर पृथ्वीप्रदक्षिणा भरेल. पण दरवेळी निघालो तिथेच उतरलो. सुमनला, माझ्या बायकोला, मी कधी कुठेच नेलं नाही. निवृत्त झाल्यावर घरातही जेवणाच्या टेबलाभोवती फिरू लागलो, तेव्हा ती हडपसरला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "त्या सायकलवरून एकदा कुठेतरी पोचून दाखवा. मग बघू."

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतं आणि शेवटी कुणीतरी धरावं लागतं. कबूल करतो, लाल सिग्नल दिसला की मी ट्रॅकवरच्या सवयीने डावीकडे वळत होतो. त्यामुळे वाटेत नसलेली नारायण पेठ लागली.

तिथे मिठाईच्या दुकानासमोर वड होता. सुमनला आंबाबर्फी आवडते. मी वडाला फेऱ्या घालत पाव किलो मागितली. दुकानदार शांतपणे तोलू लागले. पुढच्या फेरीला म्हणाले, "अहो, वटपौर्णिमा बायकांची असते."

बायकोलाच आणायला चाललोय, हे मी त्यापुढच्या फेरीत सांगितलं. त्यांनी पुडा हातात दिला. "पैसे येताना द्या. थांबलात तर."

हडपसरला सासऱ्यांचं शेत बिल्डरकडे गेलंय, अंगण तेवढं उरलंय. ते बाजेवर (दोरीने विणलेल्या खाटेवर) बसले होते. मी तुळशीभोवती फिरत नमस्कार केला. त्यांनी आत हाक मारली, "सुमे, जावई आल्यात. पर थांबंनात."

सुमन मेथीची जुडी घेऊन बाहेर आली, पायरीवर बसली आणि निवडू लागली. माझ्याकडे पाहिलंही नाही. पोचलो होतो, पण धरणार कोण? एकेका फेरीला मी एकेक माफी मागितली. तिच्या भावाचं लग्न चुकवल्याची, तिच्या आजारपणात सरावाला गेल्याची, शेवटी बर्फीचा भुगा झाल्याचीही. मेथी संपली. ती उठली, पदर खोचला आणि सीट घट्ट धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी निघालो त्याहून वेगळ्या जागी उतरलो.

परतताना बसमध्ये सायकल घेईनात, म्हणून चालत निघालो. मी हँडल धरलं होतं. तिने सीट सोडली नाही.

नारायण पेठेत पैसे दिले. दुकानदारांनी चष्म्यावरून आम्हाला न्याहाळलं. "ताई, या वयात सायकल शिकवताय यांना?"

"सायकल येते हो त्यांना," सुमन म्हणाली. "थांबणं राहिलंय."