कोटातली माया

पडदा सरकतो तेव्हा समोर दिसते एक अरुंद खोली. जोडपलंग, भिंतीला ठोकून बसवलेलं टेबल, आणि मागे चौकोनी खिडकीत समुद्र. इतका निळा, की रंगवणाऱ्याने हात जरा आवरायला हवा होता असं वाटावं. भूमध्य समुद्रातल्या सात दिवसांच्या सफरीचा हा चौथा दिवस. आज बंदर नाही, नुसतं पाणी. पलंगाच्या कडेला शिंपी मास्तर बसले आहेत, वय एक्काहत्तर, आणि बसल्या जागी त्यांचा उजवा पाय आपसूक पुढे-मागे हलतो आहे.

"अहो, जहाज तुम्ही चालवताय का?" बाईंनी विचारलं. "चालतंय ते त्याचं त्याचं. पायाला सुट्टी द्या."

पाय थांबला. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू झाला. उभं आयुष्य मशीनचं पायडल मारलेला पाय तो, त्याला सुट्टी काय ठाऊक!

मास्तरांचं दुकान म्हणजे दोन मशीन, एक कापायचं टेबल आणि दारावर एक पाटी: "माप एकदाच घेतलं जाईल." ही पाटी त्यांनी पंचविसाव्या वर्षी रंगवून घेतली आणि त्यानंतर तिच्या धाकात जगले. मास्तर टेप फिरवत आणि आकडा ओरडत. बाई तो वहीत लिहीत. कापणं आणि शिवणं मास्तरांचं, काज, बटणं आणि हातशिलाई बाईंची. संसारही असाच चालला. ते ओरडत, बाई लिहून ठेवत.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलीने ही सफर ठरवली. जहाजावर चढतानाच तपासणीत मास्तरांच्या बॅगेतून बारा इंची कात्री निघाली. गणवेशातल्या माणसाने भुवया उंचावल्या.

"हिच्याशिवाय मी कुठे जात नाही," मास्तर काकुळतीने म्हणाले. "पन्नास वर्षं झाली हिला. अजून धार तशीच आहे."

"बाबा, कुणाबद्दल बोलताय?" मुलगी म्हणाली, आणि मागे बाईंनी तोंडाला रुमाल लावला. कात्री जप्त झाली. उतरताना परत मिळेल, अशी चिठ्ठी तेवढी हातात आली. मास्तरांनी ती खिशात ठेवली आणि रोज दोनदा चाचपून पाहिली.

हसला नाही तो एकटा जावई. दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून स्वतःचं मिटून ठेवायची सवय लागलेला. सासऱ्यांना तो "मास्तर" म्हणे, गिऱ्हाइकं म्हणतात तसं. आणि यामागे एक कोट होता.

नऊ वर्षांपूर्वी मुलीने लग्न परस्पर ठरवलं, तेव्हा मास्तर पंधरा दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी म्हणाले, "त्याला दुकानात पाठव. कोट मी शिवणार." हाच त्यांचा होकार. जावई आला, हात पसरून उभा राहिला. मास्तरांनी छातीभोवती टेप फिरवला आणि ओरडले, "अडतीस!" टेपवर चाळीस होतं. चष्म्याची गरज पडू लागली होती, पण हे त्यांनी बाईंनाही सांगितलं नव्हतं. शिंप्याचे डोळे गेले, असं एकदा गल्लीत पसरलं की गिऱ्हाईक शेजारच्या दारात.

ऐन लग्नात कोटाचं बटण लागेना. जेवणाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "सासऱ्याने जावयाचं चांगलंच माप काढलं!" हशा पिकला. माप काढणं या शब्दाला दोन धारा. नेमकी नको ती जावयाला लागली. मास्तरांनी ऐकलं. तेव्हाच एक वाक्य बोलायचं होतं: माझं चुकलं. पण डोळ्यांसमोर दुकानाची पाटी लोंबत होती. रागाने कोट आखडता शिवला, असं लोकांनी म्हटलेलं त्यांना चाललं. चुकून शिवला असं म्हटलेलं चाललं नसतं. पुढे ते वाक्य घशात अडकलं ते अडकलंच. जावयाने तो कोट सासरीच सोडला आणि मास्तरांकडून पुन्हा साधा शर्टही शिवून घेतला नाही. तयार कपडे घालायचा. मास्तर त्या कपड्यांच्या उतरलेल्या खांद्यांकडे बघत आणि गिळून गप्प बसत.

तर, चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता दारावर थाप पडली.

"आई, तू म्हणालीस याचा कोट घेऊ नकोस, मी आणतेय!" मुलगी आत येत म्हणाली. "तो हा?"

तिच्या मागे दारात जावई. तोच कोट अंगात, आणि दोन्ही हात वाळत घातल्यासारखे बाजूला. कोटाची दोन टोकं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती.

"हाच," बाई म्हणाल्या, आणि खिडकीतून समुद्र बघू लागल्या.

"लग्नात बसला नव्हता, आता बसेल? इतक्या वर्षांत याने काय उपास केलेत?"

"असू दे," जावई म्हणाला. "रात्रीच्या जेवणाला कोटाशिवाय आत सोडत नाहीत ना, मग मी वर बसून काहीतरी खातो. तुम्ही जा."

"आईबाबांच्या पन्नाशीचा फोटो, आणि त्यात तू नाहीस?"

"लग्नाच्या फोटोतही मी कोट हातावर घेऊनच उभा आहे." आवाज शांतच होता. "मास्तरांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाच कळलं."

मास्तरांचा पाय थांबला होता.

"काढा तो कोट," ते म्हणाले. "जेवण कितीला?"

"साडेसातला."

"होईल. माया आहे."

"काय आहे?" जावयाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"अरे, शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, त्याला माया म्हणतात," मुलगी म्हणाली. "पुढेमागे माणूस सुटला तर उसवून कपडा वाढवता येतो."

कात्री तर कैदेत. मास्तरांनी दाढीचं पातं घेतलं आणि एकेक टाका उसवू लागले. बाईंनी पेटीतून सुई-दोरा काढला. मास्तरांनी दोरा ओवायला एकदा धरला, दोनदा धरला, तिसऱ्यांदा तो सुईच्या बाजूने निघून गेला.

"जहाज हलतंय," ते पुटपुटले.

"जहाज दुकानातही हलत असायचं म्हणायचं," बाई म्हणाल्या.

जावयाने सुई घेतली, पहिल्या झटक्यात ओवली आणि परत दिली. "टाके मीही घालतो," तो म्हणाला. "फक्त माझं कापड ओरडतं."

नऊ वर्षांतला त्याचा सासऱ्यांशी केलेला पहिला विनोद! मास्तरांना हसावंसं वाटलं, पण शिवण उघडली होती आणि आतली माया बाहेर आली होती. कोट कधी घातलाच नव्हता, त्यामुळे रंग विटण्याचा प्रश्न नव्हता. आत-बाहेर एकसारखा, नवाकोरा. जावयाने त्या पट्टीवर बोटं ठेवून पाहिली. दोन बोटं.

"एवढी सगळ्यांनाच सोडता?"

"सगळ्यांना एक बोट."

"मग मला दोन का? तेव्हा तर तुम्ही रागावला होतात."

"होतोच. विचारलं कुठे होतं आम्हाला?" मास्तर सुईकडे बघत म्हणाले. "पण कापताना वाटलं, हा माणूस आता कायमचा आपल्याकडे येणार. हिच्या हातचं खाऊन अंगाने भरणार. कोट पुरायला हवा."

"माझ्या हातचं?" मुलगी म्हणाली. "बाबा, स्वयंपाक तोच करतो!" आणि बोलता बोलता तिने तोंड खिडकीकडे वळवलं. आता मायलेकी दोघी समुद्र बघत होत्या.

"मग छातीत दोन इंच कमी का?" जावयाने विचारलं.

सुई हवेत राहिली. मास्तरांनी सवयीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान वळवली नाही.

"सांगा की," त्या खिडकीशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "वहीत तुम्ही ओरडलात तोच आकडा मी लिहिला. काज करताना माझ्या हाताला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"पाटी तुमची होती. उतरवायची तर तुम्हीच."

मास्तरांनी सुई कोटात टोचून ठेवली, मोकळ्या हाताने बोलता यावं म्हणून.

"चाळीस होतं. मला अडतीस दिसलं. डोळे गेले होते माझे, आणि सांगायची लाज वाटली. तुमचं माप काढायचं मनात नव्हतं, जावईबापू. माझं चुकलं."

जावयाने दाढीचं पातं उचललं.

"माझ्याकडे लोक येतात," तो म्हणाला, "वर्षानुवर्षं दुखरा दात लपवून. दुखत नाही म्हणतात."

"मग?"

"मग काढावा लागतो. आणा इकडे, दुसरी बाजू मी उसवतो, बाबा."

दोघांनी शेजारी बसून दोन्ही शिवणी पुन्हा घातल्या. डॉक्टरचे टाके जरा जास्तच जवळजवळ पडले. मास्तर एकदा "जखम नाही ती" म्हणाले, पण उसवायला लावले नाहीत. खोलीत इस्त्री ठेवायला बंदी, म्हणून मुलीने वरून कडक गरम पाण्याने भरलेला मग आणला आणि त्याच्या बुडाने बाईंनी शिवण दाबली.

सव्वासातला मोठ्या जिन्यावर फोटोग्राफर चौघांना उभं करत होता. जावयाने श्वास न रोखता कोटाचं बटण लावलं. लागलं! तो इतका खूश झाला की वाढप्याच्या ताटातले दोन तळलेले तुकडे त्याने तिथेच तोंडात टाकले आणि तिसऱ्याला हात घातला. फोटोग्राफरने बोट वर केलं. मास्तर रांगेतून पुढे आले, जावयाच्या खांद्यावरचा एक दोरा टिपला, बटणाशी ताणलेलं कापड दोन बोटांनी चाचपलं, आणि चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आता बेताने खा, जावईबापू. कोटातली माया संपली."