सुमनची ओरिजनल सर्टिफिकिटं

त्या दिवशी शाळेच्या हापिसात आम्ही तिघंच हुतो. मी, माझी लेक सुमन आणि टेबलामागं बसल्यालं क्लार्क माने. पंचवीस वरसं झाली. आज ट्रंक उघडली, सर्टिफिकिटांतल्या डांबरगोळीचा वास आला आणि ते हापिस डोळ्यापुढं आलं.

पुण्याला मावशीकडं राहून, लोकांची धुणीभांडी करून सुमन फ्रेंच भाषा शिकली हुती. ती शिकवायला बाई पाहिजे असं पेपरात आलं, म्हणून अर्ज द्यायला गेलतो. कोल्हापुरात फ्रेंच कोण शिकतंय, हितनंच माझा संशय सुरू झाल्याला.

मान्यांनी सर्टिफिकिटं बघितली आणि ड्रॉवर उघडला. "ओरिजनल हितंच ऱ्हाऊ द्या. बाई मधीच सोडून गेल्या तर?"

"झेराक्स घ्या की," मी म्हटलं.

"मावशी, नोकरी तुमाला पाहिजे का लेकीला?"

"लेकीला. पर कागद माझ्याजवळ ऱ्हातील."

इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखानदारानं माझ्या नवऱ्याचं रेशनकार्ड असंच ठिवून घेतल्यालं. काम सुटलं, कार्ड मिळालं न्हाय. दोन वरसं रेशनबिगर काढली.

"आई, दे की गं," सुमन हळूच म्हणाली. मी सर्टिफिकिटं पदराखाली धरली आणि उठले.

नोकरी दुसरीला लागली. सुमन आता कपडे शिवती. त्यावरनं मला कधी बोलली न्हाय. माने लबाड हुते का मीच चुकले, ते अजून कळंना.

तुमच्यातल्या कुणी तवा शाळेत ओरिजनल ठिवली असतील, तर ती परत मिळाली का, एवढं मला खरं सांगा.