चार वाजताचं बीपी

मी नर्सिंगला गोव्याला निघाले तेव्हा वर्ध्याजवळच्या आमच्या सिंदी रेल्वेच्या फलाटावर बाबा मला सोडायला आले होते ते जिनिंगच्या कपड्यांतच. डोक्यावर कापसाचे तंतू, हातात माझी ट्रंक. आईनं जवसाच्या चटणीचा डबा तीनदा तपासला आणि चौथ्यांदा रडली. बाबा जिनिंगमध्ये धरमकाट्यावर, म्हणजे भरल्या गाड्या तोलायच्या काट्यावर, बसतात. कापसाची गाडी काट्यावर चढण्याआधी ते शेतकऱ्याला बोलावून दाखवतात, "पाहून घ्या भाऊ, काटा रिकामा हाय." मालकानं तसं करायला कधी सांगितलेलं नाही. गाडी सुटताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तिकडे आपल्याले कोणी ओळखत नाई. तरी नीट राहजो."

बाबा, आई, आणि तुम्ही सगळे जे माझ्यासारखे आपलं गाव सोडून कुठे कुठे नर्सिंग करताय, तुमच्यासाठी हे लिहितेय. यातलं काही मी घरीसुद्धा उशिराच सांगितलं.

गोव्यातलं आमचं कॉलेज सिस्टर्सचं, म्हणजे कॅथलिक नन्सचं. पहिले सहा महिने मला माशाचा वास आणि कोंकणी दोन्ही झेपत नव्हतं. आता सोलकढीशिवाय जेवण उतरत नाही, पण तेव्हा चटणी बोटानं चाटून दिवस काढले. दर गुरुवारी मॉरलचा, म्हणजे नीतिशास्त्राचा, तास असायचा. म्हाताऱ्या सिस्टर फळ्यावर तीन शब्द लिहायच्या: कृती, हेतू, परिस्थिती. हेतू कितीही चांगला असला तरी वाईट कृती चांगली होत नाही. परिस्थितीनं दोष कमी-जास्त होतो, पण चुकीचं बरोबर होत नाही. मी मार्कांसाठी पाठ केलं आणि वर मैत्रिणींना ऐकवलं, आमच्या पंचशीलात हे एका ओळीत आहे, तुम्हाला अख्खा तास लागतो. फार शहाणी होते मी.

दुसऱ्या वर्षी माझी ड्यूटी कॉलेजच्या हॉस्पिटलात फिमेल वॉर्डात होती. चार वाजता सगळ्यांचं बीपी घ्यायचं. हंगामात बाबांची चहाची सुट्टीही चारलाच, आणि तेव्हाच त्यांचा फोन यायचा. मला घरची इतकी आठवण यायची की त्या फोनवर मी दिवस काढायचे. त्या दिवशी सात नंबरच्या मारिया आजीला गाढ झोप लागली होती. मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधलाच नाही. चार्टवर एकशेवीस-ऐंशी लिहिलं आणि फोन घेऊन जिन्यात पळाले. तासाभरानं आजी उठून बाथरूमकडे गेली, चक्कर येऊन पडली, मनगट मोडलं. बीपी पार उतरलेलं होतं. पण माझ्या चार्टवर सगळं ठीक होतं, मग दोष आला शेवंताबाईवर. ती आमची आया. पेशंटला एकटं का सोडलं म्हणून तिला कामावरून काढायची बोलणी सुरू झाली. ती वॉर्डाबाहेर बसून रडत होती आणि मी तिला पाणी नेऊन दिलं. पाणी दिलं, खरं सांगितलं नाही. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

शनिवारी संध्याकाळी मुली चॅपलमध्ये कुमसाराला, म्हणजे फादरना आपली पापं सांगायला, रांग लावायच्या. आत जाताना उतरलेली तोंडं बाहेर येताना हलकी असायची. मीही जाऊन रांगेत उभी राहिले! जाळीपुढे गुडघे टेकले आणि काय म्हणायचं ते न कळून म्हणाले, "नमस्कार फादर. मी सिंदीची. आम्ही बौद्ध."

पलीकडून फादर म्हणाले, "बाय, तू ख्रिस्ती नाहीस, म्हणून हा संस्कार मला तुला देता येत नाही. पण ऐकता येतं. सांग, माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही."

मी सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, फक्त विचारत गेले. हे चूक आहे हे माहीत होतं? हो. कुणी भाग पाडलं? नाही. मग म्हणाले, "वडिलांचा आवाज ऐकावा वाटणं चांगलंच. पण त्यानं तो आकडा खरा होत नाही. आजी पडावी असं तुझ्या मनात नव्हतं, तर तेवढं ओझं स्वतःवर घेऊ नको. जेवढं तुझं आहे तेवढं मात्र पूर्ण उचल. कॅथलिक मुलीलाही मी हेच सांगितलं असतं. नुसता पश्चात्ताप पुरत नाही, मोडलेलं सांधावं लागतं. आधी ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याकडे जा."

फळ्यावरचे तीन शब्द मला त्या दिवशी कळले. धाक घालण्यासाठी नव्हतेच ते. माणसाच्या अंगावर त्याची चूक किती, हे इतक्या बारकाईनं आणि इतक्या मायेनं मोजणारं शास्त्र मला फार थोर वाटलं, अजूनही वाटतं.

मी आजीला सांगितलं. तिनं प्लास्टरचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि "बरें केलें बाय" म्हणाली. शेवंताबाईला सांगितलं, ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मग मेट्रनना सांगितलं, म्हणून तिचं काम मात्र राहिलं. मेट्रननी मला महिनाभरासाठी घरी पाठवलं, पुढचं नंतर ठरवू म्हणाल्या.

सिंदीच्या त्याच फलाटावर मी बाबांना सगळं सांगून टाकलं. सीट जाईल, लोक हसतील, तुमचा फोन घ्यायला म्हणून हे केलं, सगळं. त्यांनी विचारलं, "कोणी पकडलं का तू सोताच सांगितलं?"

"मीच."

"मंग रडून काऊन राह्यली?" त्यांनी ट्रंक उचलली. चार पावलं गेल्यावर थांबले. "त्या फादरले माहा जयभीम सांगजो."

कॉलेजनं मला परत घेतलं. मी निरोप पोचवला तेव्हा फादर खुर्चीतून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "बाबांना माझाही जयभीम."

आता मी त्याच वॉर्डात स्टाफ नर्स आहे. लोक विचारतात, घर कुठलं? मी सिंदी सांगते, पण माझं घर आता त्या गावापुरतं राहिलेलं नाही. जिथे आपली चूक सांगता येते आणि तरी ट्रंक उचलायला कुणीतरी येतं, ते घर. बाबा आता चारला फोन करत नाहीत. चहाची सुट्टी तशीच जाऊ देतात, साडेपाचला फोन करतात, आणि जेवलीस का विचारायच्या आधी विचारतात, "झालं का सगळ्यायचं मोजून?"

झालं असलं तरच मी फोन उचलते.