वडिलांच्या दहाव्यातलं भाषण

नव्वदच्या दशकात मी साहेबांचा माणूस होतो. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. 'स्वीय सहायक' ही पाटी मला कधी मिळाली नाही, पण लोक 'साहेबांचा माणूस' म्हणायचे आणि मला ते गोड लागायचं.

साहेबांच्या जीपमध्ये जी वर्षं काढली त्यातली निम्मी दहाव्यांत गेली. बाहेरच्या माणसाला हे पटणार नाही. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात पुढारी मुंबईत काय करतो याची कोणी चौकशी करत नाही, दहाव्याला आला होता की नाही याची मात्र गावभर चर्चा होते. सकाळी नदीच्या घाटावर मांडव, मांडवात महाराजांचं प्रवचन, आणि प्रवचन संपलं की माईकवर श्रद्धांजलीची भाषणं. साहेब मांडवात शिरण्याआधी मी घरचा एखादा भाचा-पुतण्या गाठायचो. मयताला मुली किती, दिल्या कुठे, माणूस कशासाठी ओळखला जायचा. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा पारखी म्हणून नाव होतं, एवढं कळलं तरी साहेबांना पुरे. मी कानात सांगायचो आणि साहेब माईकवर असे गहिवरायचे की मयताचे सख्खे भाऊ आ वासून बघत राहायचे. डोळे पुसता पुसता ते हळूच आपलं काम उरकून घ्यायचे. कुठल्या रस्त्याचं श्रेय, सोसायटीच्या निवडणुकीतला उमेदवार, असं काहीतरी. मुलं डोकी भादरून हात जोडून बसलेली. तिथं कोण उलट बोलणार?

"सभेत लोक प्रश्न इचारतात राव," साहेब एकदा जीपमध्ये म्हणाले, "इथं न्हाई इचारत." आणि खो खो हसले. मीही हसलो.

पुढे साहेबांचा मुलगा मोठा झाला, त्याच्या हातात मोबाइल आला आणि माझी गरज संपली. मला कोणी काढलं नाही. जीपमध्ये बसायला जागा तेवढी उरली नाही.

मी बी.एस्सी. होतो. पुण्यात एक कोर्स केला आणि प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्या कंपनीत लागलो. गावात सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी झाडं लावता का, भाऊ?" झाडं लावली असती तर बरं झालं असतं. त्या कंपनीत जुना अहवाल काढायचा, गावाचं नाव बदलायचं आणि नवा म्हणून द्यायचा, असा कारखाना होता. पिंपळवंडीजवळच्या एका कामाच्या अहवालात 'मासेमारी करणाऱ्या होड्यांना अडथळा होणार नाही' असं छापलेलं मी स्वतः वाचलं. कोकणातलं उचललेलं. कंपनीच्या मालकाला कळवलं, तर तो म्हणाला, "वाचतो कोण?" मी ती नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. पोल्ट्रीवाले, डेअरीवाले यांचे परवाने करून द्यायचो. पोट भरत होतं.

मग जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका वाडीवर दगडखाण आणि खडी क्रशर यायचं ठरलं. खाणीचे मालक म्हणजे आमच्या साहेबांचे व्याही. अहवाल माझ्या जुन्या कंपनीचा, आणि त्यात लिहिलेलं की जवळपास पिण्याच्या पाण्याचा स्रोत नाही. त्या वाडीच्या शाळेत माझ्या वडिलांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं शिकवलं होतं. खाणीच्या जागेखालीच झरा आहे आणि उन्हाळ्यात सगळी वाडी त्याच्यावर जगते, हे मला लहानपणापासून माहीत. भात आणि नाचणी पिकवणारी ती माणसं वडिलांना अजून गुरुजी म्हणायची. मी वर गेलो, झरा मोजला, डोंगराचे थर पाहिले आणि सुरुंग लागले तर पाणी दुसरीकडे फुटून जाईल असं लिहून काढलं. वाडीतल्या एका म्हाताऱ्याच्या अंगणात सगळ्यांना बसवून सांगितलं, की कागद मी देईन, पण परवानगीआधी सरकारी जनसुनावणी होईल, तिला तुम्ही आलं पाहिजे. माणसं दिसली नाहीत तर माझा कागद कोणी विचारणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुनावणीच्या आधी वडील गेले.

दहाव्याला वाडीची माणसं टेम्पो करून आली आणि कडेला उन्हात बसली. प्रवचन संपायला आणि साहेब यायला एकच गाठ पडली. माईक हातात घेऊन ते माझ्या वडिलांबद्दल असं बोलले की माझेही डोळे भरून आले, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"गुरुजींनी आपल्याला पर्यावरणाचा जाणकार मुलगा दिला. वर डोंगरात क्रशर होतंय, काही मंडळींच्या मनात शंका आहे. पण गुरुजींच्या मुलानं स्वतः जाऊन झरा तपासलाय. झऱ्याला धक्का लागणार नाही. त्याचा शब्द म्हणजे गुरुजींचा शब्द, आणि तो पाळणं हीच गुरुजींना श्रद्धांजली."

आणि माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले.

माझ्या अंगाची आग आग झाली. उठावं, माईक हिसकावावा, असं शंभरदा वाटलं. समोर वडिलांचे पिंड होते, मागे बायकांत आई होती. उठलो असतो तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, की बापाच्या दहाव्यात भांडला. मी भादरलेलं डोकं खाली घालून हात जोडले. मनाला समजावलं, वाडीच्या माणसांना मी माझ्या तोंडाने सांगितलंय, ती कशाला फसतील.

सुनावणीला मांडव भरलेला होता, पण तो व्याह्यांनी भरला होता. वाडीचा एकही माणूस आला नाही. मी कागद वाचला. अधिकाऱ्यांनी तो घेतला आणि विचारलं, "ग्रामस्थांपैकी कोणाची हरकत?" मी मागे वळून वळून पाहत होतो. कोणी उठलं नाही. तसं लिहून घेतलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल घेऊन वर गेलो. रागाने नुसता धुमसत होतो. वाटलं होतं, यांना कोणीतरी फोडलं. त्याच म्हाताऱ्याच्या अंगणात उभं राहून ओरडलो, "का आला नाहीत?"

तो गोंधळला. "सायेबांनी माईकवर सांगितलं ना, भाऊ. तुमी मागाहून परत तपासलं आसंल, आसं वाटलं आमाला. समदी म्हनली, बरं झालं, गुरुजींच्या पोरानं काम केलं."

"साहेब खोटं बोलले, बाबा."

"गुरुजींच्या दहाव्याला? पिंडापुढं?"

मला त्याला आमच्याकडची रीत सांगावी लागली. त्यांच्या वाडीत दहाव्याला ओढ्यावर भाऊबंद जमतात, आंघोळ करतात आणि घरी जातात. तिथं कधी कुठला साहेब आला नाही, कधी माईक लागला नाही. मी काय सांगतोय हे त्याला बराच वेळ उमगत नव्हतं. उमगलं तेव्हा तो उठला, पायात वहाणा सरकवल्या आणि शेजारच्या घराकडे हाका मारू लागला.

"मंग परत ठिवा की सुनावणी," तो म्हणाला. "उद्याच ठिवा. समदी वाडी येती."

"सुनावणी एकदाच असते, बाबा."

तो हाका मारायचा थांबला.

"दहाव्यासारखी?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.