आधी कणगी, मग लढाई

दत्ताराम परळच्या हॉस्पिटलात होता, तेव्हा शेवटच्या भेटीत त्यानं मला हातानं जवळ बोलावलं. पलंगाच्या पायाशी सुमनवहिनी आणि त्यांची मुलगी शैला उभ्या होत्या. मित्राला काही मनातलं सांगायचं असेल, असं समजून दोघी जरा मागे सरल्या. मी कान त्याच्या तोंडाजवळ नेला. तोंडावरचा मास्क बाजूला करून तो म्हणाला, "मधग्या, तुझी चार जहाजां खाडीत लपान रवली आसत. माका म्हायत आसा." आणि डोळे मिटून घेतले... बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "तब्येतीला जप म्हणाला." तिसऱ्या दिवशी सकाळी शैलाचा फोन आला. त्याला आता दोन महिने होतील.

जहाजं कॉम्प्युटरमधली होती. खेळ साम्राज्य उभारण्याचा. आधी एक वसाहत, मग शहरं, शेतं, रस्ते, सैन्य. आणि सगळं पाळीपाळीनं. आपली पाळी आली की कितीही वेळ विचार करावा, कोणी घाई करत नाही. दत्ताराम लालबागच्या एका मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, होता आणि मी त्याच मिलच्या ऑफिसात कारकून. राहायला एकाच चाळीत, मध्ये तीन खोल्या. संप झाला तेव्हा सुरुवातीला मीही बाहेर होतो. नवव्या महिन्यात घरातला तांदळाचा डबा खरवडून झाल्यावर एका सकाळी मी मान खाली घालून गेटमधून आत गेलो. गेटवर बसलेली माणसं मला काय काय म्हणाली ते इथे छापता येणार नाही. दत्ताराम त्यांच्यात होता, पण तो काहीच बोलला नाही. पुढची पंधरा वर्षं तो माझ्याशी काहीच बोलला नाही. नळावर नाही, गणपतीत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात स्वतःहून वाढायला उभा राहिला आणि माझं एक पान सोडून अख्ख्या पंगतीला जिलबी वाढली.

मग एका दुपारी माझं दार वाजलं. दारात दत्ताराम. तोवर मिल कायमची बंद झाली होती आणि शैलानं क्लाससाठी एक जुना कॉम्प्युटर घरी आणला होता. हा खेळ त्यात आधीपासूनच होता. दत्तारामच्या हातात कागद, त्यावर इंग्रजी अक्षरं दिसली तशी उतरवलेली.

"ग्रॅनरी म्हणजे काय?"

"धान्याचं कोठार," मी म्हणालो. "कणगी."

"मगे सरळ कणगी म्हणूक काय झाला त्येंका?" म्हणून तो गेला. पाच मिनिटांनी परत आला, दुसरा शब्द घेऊन. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "तूच ये थंय. माझे पाय दुखतत." पंधरा वर्षांचा अबोला असा एका कणगीपाशी संपला. म्हणजे मी तसं धरून चाललो. त्या गेटबद्दल एकदा त्याच्याशी बोलायचं होतं, वाक्यंही मनात जुळवून ठेवली होती. पण दर वेळी त्याची पाळी असायची, नाहीतर माझी.

माझा स्वभाव पुस्तकी. खेळ कसा जिंकावा यावर जाणकारांनी लिहिलेलं इंग्रजी शोधून मी त्याला मराठीत वाचून दाखवत असे. ते सांगत, भराभर पसरा, शेजाऱ्याच्या भिंती उभ्या राहण्याआधी त्याला गिळा. दत्ताराम सगळं ऐकून घ्यायचा आणि आपल्या मनाचं करायचा. पहिलं शहर नदीकाठी आणि पहिल्याच पाळीत, जागा पसंत करत हिंडायचं नाही. दोन शहरांत रस्ता झाल्याशिवाय तिसरं शहर नाही. शोभेच्या इमारतींआधी तटबंदी. हा शेवटचा नियम मला पटला, पण उशिरा. मी चाळीस पाळ्या खर्चून राजधानीत भव्य ग्रंथालय बांधलं, भिंत राहून गेली, आणि डोंगरातून उतरलेल्या रानटी टोळीनं ग्रंथालयासकट राजधानी घेतली. पुढे बऱ्याच पाळ्या ती टोळी तिथून हलली नाही. "वाचीत बसले आसतले," दत्ताराम म्हणाला.

त्याच्या शहरांची नावं नायगाव, माझगाव, लालबाग. शहरातले लोक नाराज झाले की काम थांबवत. अशा वेळी सैनिक तैनात करावेत, असा सल्ला खेळातला प्रधानच देई. दत्ताराम खुर्चीतून उठायचा. "गेटार पोलीस? माझ्या राज्यात?" त्याऐवजी लोकांना कामावरून काढून गाण्याबजावण्याला लावण्याची एक सोय होती, ती तो सढळ हातानं वापरी. अर्धं नायगाव बारमाही नाचत असे. एकदा त्याचं सैन्य जय्यत तयार असूनही तो चढाई करेना, म्हणून मी चिडलो. त्यानं पडद्यावरच्या कणगीवर बोट ठेवलं. "धान्य सात पाळयांचा. लढाय धा पाळयांची." मग माझ्याकडे न बघता... "आमी तेव्हा बघूक नाय." मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाला, "तुझी पाळी."

शेवटचा डाव आम्ही त्याच कॉम्प्युटरवर एकमेकांविरुद्ध मांडला होता; एकाची पाळी असली की दुसऱ्यानं पाठ फिरवायची. माझ्या उत्तरेकडच्या शहरात दुष्काळ पडला होता आणि त्याच्या माझगाव बंदरात कणग्या भरलेल्या. मी गुपचूप चार जहाजं बांधून खाडीत आणून ठेवली. तेवढ्यात तो आजारी पडला आणि डाव तसाच राहिला.

आता चाळ पाडायची आहे, सामान हलवायचं आहे. परवा शैला म्हणाली, "काका, कॉम्प्युटर जाण्याआधी एकदा बसून घ्या." मी बसलो. हॉस्पिटलात जायच्या दिवशी तो आपली पाळी खेळून गेला होता. माझं उत्तरेचं शहर उघडलं, तर कणगी भरलेली. त्याचे धान्याचे तीन तांडे तिथे रिकामे उभे होते. आणि माझगावात, माझ्या जहाजांच्या समोर, एकही सैनिक नव्हता. की-बोर्डखाली त्याची शाळकरी वही होती, खेळाचे नियम लिहून ठेवलेली. शेवटचा नियम असा: 'शेजारी उपाशी ठेवू नये. उपाशी माणूस कसलाय गेट ओलांडता. राग धरून उपेग नाय, भात धाडूचा.'

चष्मा पुसायला मला बराच वेळ लागला. मग मी जहाजं मागे फिरवली. तीनच. चारही फिरवली असती तर मी वही वाचल्याचा त्याला संशय आला असता. पाळी संपवली. पडद्यावर दत्तारामचं नाव आलं आणि खेळ त्याच्यासाठी थांबून राहिला.

वहिनी आतून म्हणाल्या, "संपला काय? कोण जिंकला?"

"नाही. त्याची पाळी आहे."

"मगे चाय ठेवतंय," वहिनी म्हणाल्या. "तेंका येळ लागता."